डॅन्यूबवरील युद्धकालीन जहाजतपासणी

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी डॅन्यूब नदीवर तटस्थ देशांनी घेतलेली जहाजांची, मालाची व उतारूंची झडती. सुमारे २,८५० किमी. लांबीच्या या नदीवरील नौकानयन १८५६ च्या पॅरिस तहाने आंतरराष्ट्रीय ठरविले होते. १९३९ मध्ये हंगेरी, यूगोस्लाव्हिया, रूमानिया व बल्गेरिया हे काठावरचे देश तटस्थ असल्याने परस्परांशी लढणाऱ्या ब्रिटन व जर्मनीच्या बोटी एकाच पात्रातून जात. कायदा आंतरराष्ट्रीय असला, तरी बोट सोडायची की अडवायची, हे प्रत्यक्षात बंदरावरील अधिकारीच ठरवीत.

जर्मनीला मुख्यतः तेल हवे होते. रूमानियातील प्लोएश्तीचे तेल जुर्जू बंदरात बार्जांमध्ये भरून प्रवाहाविरुद्ध वर जाई. ब्रिटिश आरमाराची नाकेबंदी येथवर पोहोचत नव्हती. म्हणून ब्रिटिशांनी गोलँड नावाची कंपनी काढून बार्जा व टगबोटी भाड्याने घेतल्या, जेणेकरून त्या जर्मनांच्या हाती लागू नयेत. याहून धाडसी बेत होता तो लोहद्वार (आयर्न गेट) घळीतील अरुंद मार्गात जहाजे बुडवून नदीच बंद करण्याचा. एप्रिल १९४० मध्ये साध्या खलाशांच्या वेशातील नौसैनिकांना घेऊन निघालेल्या ब्रिटिश ताफ्याची जुर्जू येथे झडती झाली, शस्त्रे व स्फोटके सापडली आणि मोहीम तेथेच संपली. जर्मन प्रचारयंत्रणेला आयतेच कोलीत मिळाले.

याच बंदोबस्ताची सर्वांत क्रूर बाजू निर्वासितांच्या वाट्याला आली. नाझी राजवटीतून निसटून पॅलेस्टाइनकडे निघालेले हजाराहून अधिक ज्यू १९३९ च्या अखेरीस यूगोस्लाव्ह बोटींवर होते. पुढे नेणारे समुद्री जहाज तयार असल्याशिवाय रूमानिया त्यांना प्रवेश देईना. तोवर नदी गोठली आणि बोटी क्लादोव्हो येथे अडकल्या. पुढे या लोकांना शाबाट्सला हलविण्यात आले. सुमारे दोनशे तरुण वेळेत बाहेर पडू शकले. उरलेल्यांपैकी पुरुषांना जर्मन सैन्याने ऑक्टोबर १९४१ मध्ये गोळ्या घातल्या. स्त्रिया व मुले १९४२ मध्ये बेलग्रेडजवळील सायमिश्ते छावणीत मारली गेली. त्यांना अडविणाऱ्या अटीमागे शत्रूचा माल रोखण्याचा प्रश्नच नव्हता, हे येथे नमूद करायला हवे.

नोव्हेंबर १९४० मध्ये हंगेरी व रूमानिया, तर मार्च १९४१ मध्ये बल्गेरिया अक्षराष्ट्रांच्या गटात गेले; एप्रिलमध्ये यूगोस्लाव्हियावर आक्रमण झाले. तटस्थ काठ उरला नाही, तशी तटस्थांची तपासणीही संपली. मग ब्रिटिश विमानांनी एप्रिल ते ऑक्टोबर १९४४ या काळात पात्रात सुमारे १,४०० सुरुंग टाकले.