मधुमेहावरील औषधांच्या किमती : पेटंट कायदा व किंमत नियंत्रणाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना : मधुमेहाचा औषधोपचार बहुधा आयुष्यभर चालतो, त्यामुळे औषधांचा खर्च हा कुटुंबाचा कायमचा मासिक खर्च ठरतो. दापोली तालुक्यातील मुरुडसारख्या किनारपट्टीवरील गावात बागायत व पर्यटन यांचे उत्पन्न हंगामी असते. गोळ्या मात्र बारमाही घ्याव्या लागतात. या औषधांच्या किमती कोणत्या धोरणांमुळे बदलत गेल्या, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

विवेचन : इन्सुलिनचा शोध १९२१ मध्ये टोरांटो येथे लागला. १९२३ मध्ये संशोधकांनी त्याचे पेटंट प्रत्येकी केवळ एका डॉलरला टोरांटो विद्यापीठाच्या स्वाधीन केले. औषधाची मक्तेदारी होऊ नये, हा त्यामागील हेतू होता. भारतात १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाऐवजी केवळ ते तयार करण्याच्या प्रक्रियेला पेटंट दिले. त्यामुळे देशी कंपन्यांना वेगळ्या प्रक्रियेने तेच औषध स्वस्तात बनविता आले. त्याच वर्षी औषध किंमत नियंत्रण आदेशही निघाला. पुढे मात्र हे नियंत्रण सैल होत गेले. १९७९ मध्ये ३४७ औषधे नियंत्रणाखाली होती. १९९५ मध्ये ती ७४ वर आली. २००५ पासून औषधावरच पेटंट देणे सुरू झाले.

या बदलाचा परिणाम सिटाग्लिप्टिनच्या उदाहरणावरून स्पष्ट होतो. मुंबईच्या ग्लेनमार्क कंपनीने २०१३ मध्ये हे औषध मर्क कंपनीपेक्षा सुमारे ३० टक्के कमी किमतीत बाजारात आणले. तथापि, पेटंटभंगाच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये त्याच्या विक्रीस मनाई केली. जुलै २०२२ मध्ये पेटंटची मुदत संपल्यावरच अनेक भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या उपलब्ध झाल्या.

२०१३ च्या आदेशानुसार अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतील औषधांना कमाल किंमत ठरवून दिली जाते. मेटफॉर्मिन व इन्सुलिन या यादीत आहेत; परंतु यादीबाहेरील नव्या औषधांना हे संरक्षण मिळत नाही.

समारोप : वरील विवेचनावरून असे दिसते की, औषधाची किंमत केवळ उत्पादनखर्चावर नव्हे, तर कायद्यावरही अवलंबून असते. पेटंट संपण्याची वाट कंपनी पाहू शकते, रुग्णाचा आजार थांबत नाही. म्हणून २००८ मध्ये सुरू झालेल्या जनऔषधी योजनेचा लाभ गावपातळीपर्यंत पोहोचणे आणि सरकारी रुग्णालयांत औषधांचा नियमित पुरवठा होणे आवश्यक आहे.