चाचांची ॲम्बॅसडर

गेल्या महिन्यात घरात एक जुनी छोटी गाडी घ्यायचं ठरलं आणि अब्बांनी पहिल्याच दिवशी मोडता घातला. "या डबड्यात पोरांना बसवणार? अंगठ्याने दाबला तर पत्रा आत जातो. गाडी असावी तर ॲम्बॅसडरसारखी."

ॲम्बॅसडरचं नाव निघालं की आमच्या घरात चाचांची आठवण निघते. ते टॅक्सी चालवायचे. १९८८ साली सोलापूर रस्त्यावर त्यांची गाडी समोरून येणाऱ्या टेम्पोवर आदळली. मी तेव्हा तिसरीत होतो. पोलीस ठाण्याच्या आवारात ती गाडी मी पाहिली होती. बंपर वाकलेला, एक दिवा फुटलेला, बस्स. स्टिअरिंगचा दांडा छातीत बसून चाचा जागीच गेले होते. पट्टा तेव्हा गाडीत नव्हताच. पुढे कित्येक वर्षं नातेवाइकांकडून एकच वाक्य ऐकलं, "गाडीला काही झालं नाही हो, माणूस मात्र गेला." ते गाडीच्या कौतुकात म्हटलं जायचं, आणि उरलेलं सगळं तकदीरीवर टाकलं जायचं. या वाक्याच्या दोन भागांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

तो संबंध ज्याने ओळखला त्याचं नाव बेला बारेनी. ऑस्ट्रियात १९०७ साली जन्मलेला आणि मर्सिडीजमध्ये काम करणारा हा इंजिनिअर. गाडी जितकी कडक तितकी सुरक्षित, हा तेव्हाचा सर्वमान्य समज. बारेनीने उलटा विचार केला. धडकेची ताकद कुठेतरी जिरायलाच हवी. गाडीने ती घेतली नाही, तर ती आतल्या माणसाच्या बरगड्यांवर येणार. म्हणून पुढचा आणि मागचा भाग चुरगळणारा, आणि मधली माणसं बसायची खोली घट्ट. या कल्पनेचं पेटंट त्याला १९५२ साली मिळालं आणि १९५९ साली तशी पहिली मर्सिडीज रस्त्यावर आली. त्याच वर्षी व्होल्वोमध्ये निल्स बोहलिनने तीन टोकांचा सीटबेल्ट दिला.

उर्दूचा मास्तर असल्यामुळे इथे एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. आपण मराठीत सर्रास वापरतो तो 'मजबूत' हा शब्द अरबी 'ज़ब्त'वरून आला. म्हणजे धरून ठेवणं, आवरणं. आपलं 'जप्त'ही त्याच घरातलं. कडकपणाला उर्दूत 'सख़्त' हा वेगळा शब्द आहे. चाचांची गाडी सख़्त होती.

अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी महामार्ग सुरक्षा संस्था आहे. तिने २००९ साली आपल्या पन्नाशीनिमित्त १९५९ची शेवरोले बेल एअर आणि २००९ची शेवरोले मालिबू समोरासमोर धडकवली. दोन्हींचा वेग ताशी ६४ किलोमीटर. बेल एअर लांबीने मोठी, लोखंडाची जहाजच जणू. तिची बसायची जागा कोलमडली; आत खरा चालक असता तर वाचला नसता. मालिबूच्या चालकाच्या फक्त पायाला दुखापत झाली असती. हे चित्रीकरण मी अब्बांना मोबाइलवर दाखवलं. दोनदा पाहून ते गप्प बसले.

पण अब्बांचं म्हणणं सगळंच चुकीचं नाही, हेही कबूल करायला हवं. त्याच संस्थेने त्याच वर्षी तीन छोट्या गाड्या त्यांच्याच कंपन्यांच्या मध्यम गाड्यांवर आदळवल्या: टोयोटाची यारिस कॅमरीवर, होंडाची फिट अकॉर्डवर आणि स्मार्ट मर्सिडीज सी-क्लासवर. या तिन्ही छोट्या गाड्यांना ठोकळ्यावरच्या चाचणीत चांगला शेरा होता. मोठ्या गाडीपुढे तिघींना 'वाईट' शेरा मिळाला. स्मार्ट तर उडून गरगर फिरली.

याचा हिशेब आठवीचा मुलगाही करू शकेल. ८०० किलोची गाडी आणि १६०० किलोची गाडी, दोन्ही ताशी ६० वेगाने समोरासमोर भिडून एकमेकींत अडकल्या, तर मोठी गाडी ताशी २० वेगाने पुढेच जात राहते आणि छोटीला मागे ढकलते. मोठीच्या वेगात ४०चा फरक पडला, छोटीच्या वेगात ८०चा. शरीराला तो फरक क्षणात सोसावा लागतो. चाचणीतला ठोकळा म्हणजे आपल्याच वजनाची गाडी समोर येण्यासारखं असतं. म्हणून तारे बघायचे ते समान वजनाच्या गाड्यांमध्ये. आपल्या महामार्गावर समोरून येतो तो ट्रक.

मग छोटी गाडी का घ्यायची? कारण परवडते. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मास्तर-कारकुनांच्या दारात पहिल्यांदा गाडी उभी राहिली. २००८ साली टाटांनी नॅनो दाखवली, ती स्कूटरवर चौघं बसलेलं कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून. ते कुटुंब मी ओळखतो, कारण आम्हीच ते आहोत: टाकीवर धाकटा, मागे बायको, मध्ये मुलगी. त्या बसण्याला कुठलीच संस्था तारे देत नाही.

जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच छोट्या गाड्या तपासल्या. अल्टो ८००, नॅनो, आय-टेन, फिगो, पोलो. पाचही जणी शून्यावर. यात पोलोची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या पुण्याजवळ चाकणला तेव्हा बनायची ही गाडी. तिचा सांगाडा टिकला होता, कमी पडली ती एअरबॅग. दोन एअरबॅग घालून पुन्हा आदळवली तेव्हा मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले. वजनाचं गणित कंपनीच्या हातात नसतं, पण एअरबॅग तर होती! गरिबाच्या गाडीतून सगळ्यात आधी काय काढायचं, हे कुणीतरी बसून ठरवलं होतं. पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅगची सक्ती नव्या मॉडेलांना लागू व्हायला २०२१ साल उजाडलं, आणि आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली.

आम्ही बघतोय त्या जुन्या गाड्या बहुतेक त्याआधीच्या. रविवारी एक पाहायला गेलो. एअरबॅग किती, असं मी विचारलं. "सर, एसी एकदम थंड आहे," विकणारा म्हणाला. अब्बा तोवर वाकून बॉनेटचा पत्रा अंगठ्याने दाबत होते.