आधी नांगर, मग डोंगर

उभ्या जन्मात ज्याने बर्फ पाहिला तो फक्त सरबताच्या गाडीवर, अशा माझ्यासारख्या मास्तराने बर्फावर घसरण्याच्या विद्येचा इतिहास सांगावा, याचे वाचकांना हसू येईल. पण त्या विद्येचा एक आचार्य मला फार जवळचा वाटतो. तोही मास्तरच होता!

त्याचे नाव हानेस श्नायडर. ऑस्ट्रियातील आर्लबर्ग खिंडीजवळच्या श्टुबेन या खेड्यात १८९० साली तो जन्मला. पायांना लांब फळ्या बांधून बर्फावरून धावण्याची ही कला, म्हणजे स्की, उत्तरेकडून, नॉर्वेहून आल्प्समध्ये आली. आल्प्सच्या उभ्या उतारांसाठी माथियास झ्दार्स्कीने तिला एका लांब काठीच्या आधाराने नवे वळण दिले होते. १९०७ साली श्नायडर सांक्ट आंटोनच्या एका हॉटेलात पाहुण्यांना शिकवू लागला आणि पहिल्या महायुद्धात त्याने डोंगरी फौजेचे सैनिक तयार केले. पुढे १९२०च्या दशकात त्याच्या शाळेची कीर्ती देशोदेशी गेली.

त्याची रीत अगदी साधी होती. उतारावर भीती वाटली की माणूस मागे रेलतो. मग फळ्यांच्या टोकांवरचा भार सुटतो, त्या वळेनाशा होतात आणि वेग वाढून माणूस आपटतो. म्हणून श्नायडर आधी गुडघे वाकवून पुढे झुकायला शिकवी. मग फळ्यांची पुढची टोके जवळ आणि मागची फाकलेली ठेवून वेग आवरायचा. या चालीचे नावच ‘नांगर’! तो साधला की एक फळी फाकवून वळायचे आणि अखेरीस वळता वळता दोन्ही फळ्या जुळवायच्या. शिष्यांचे वर्ग त्यांच्या तयारीप्रमाणे असत. खालची पायरी पक्की झाल्याखेरीज वरचा उतार नाही.

हे वाचताना मला माझा एक विद्यार्थी आठवतो. मुलगा चुणचुणीत, वडील घाईचे. त्यांच्या आग्रहाला बळी पडून मी त्याला एक इयत्ता गाळून वर बसवले. अपूर्णांक आले आणि पोर जे कोसळले, ते शाळा सोडूनच थांबले. त्याचा नांगर कच्चा होता, हे मला ठाऊक होते. तो अपराध माझा.

१९३८ साली नाझींनी ऑस्ट्रिया गिळली आणि त्यांना विरोध करणाऱ्या श्नायडरला तुरुंगात टाकले. पुढे सुटका होऊन १९३९ साली तो अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधील नॉर्थ कॉनवे गावी पोहोचला. वय एकोणपन्नासाच्या घरात, देश परका. तरी तिथल्या टेकडीवर त्याने पुन्हा शिकवायला सुरुवात केली, ती नांगरापासूनच. १९५५ साली तिथेच त्याने देह ठेवला.

दिवाळीची सुटी संपली की माझ्या वर्गात पुन्हा उजळणी सुरू होईल. मुले कंटाळतील, पालक कुरकुरतील. कुरकुरू देत. उतार पुढेच आहे.