खर्चीचा फुटबॉल

माझ्या पुण्यातल्या खोलीत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात एक जर्सी आहे. पाठीवर त्रेझेगेचं नाव. १९९८ ला फ्रान्सबरोबर वर्ल्ड कप जिंकलेला डेव्हिड त्रेझेगे २०१४ मध्ये एफसी पुणे सिटीकडून खेळायला आला, तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. महिनाभर रात्रीच्या मेसला दांडी मारून पैसे साठवले, जर्सी घेतली आणि बालेवाडीच्या स्टँडमध्ये घसा बसेपर्यंत ओरडलो. कबनूरहून आलेल्या पोराला वाटलं, चला, आता टीव्हीवर दिसणारी एक टीम आपलीही आहे.

पाच वर्षांनी, २०१९ मध्ये, ती टीम बंद झाली. कोच बदलला, खेळाडू विकले, असं काही नाही. क्लबच संपला. आयएसएलमधली त्याची जागा हैदराबादला गेली.

त्या दिवाळीत कोल्हापूरला मामाकडं गेलो होतो. मामानं फराळाचं ताट पुढं सरकवत विचारलं, "काय रं, तुझी टीम कुठं गेली म्हणं?"

"हैदराबादला."

"बदली झाली व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो. पण टीमची बदली होते म्हणजे नेमकं काय होतं, हा प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. हा लेख त्या प्रश्नातून आला आहे.

चार वर्षांत चार क्लब

पुण्यातल्या व्यावसायिक फुटबॉलचा इतिहास छोटा आहे, एका एस.टी. प्रवासात वाचून होईल एवढा.

सुरुवात पुणे एफसीपासून. अशोक पिरामल समूहानं २००७ मध्ये हा क्लब काढला. दुसऱ्या श्रेणीतून वर येऊन २००९-१० मध्ये तो आय-लीगमध्ये पोचला आणि पहिल्याच हंगामात तिसरा आला. २०१२-१३ मध्ये उपविजेता. २०१४ मध्ये एएफसी कपमध्ये आशियातल्या क्लबांशी खेळला. त्याची अकादमी देशातल्या चांगल्या अकादमींपैकी एक होती. कोल्हापूरचा निखिल कदम तिथूनच पुढं आला आणि नंतर मोहन बागानकडूनही खेळला. कोलकाता आणि गोव्याच्या बाहेर, शून्यातून सुरू झालेल्या क्लबसाठी ही मोठी कमाई होती.

२०१४ मध्ये आयएसएल आली. टीव्ही, जाहिराती, सिनेमातले मालक, निवृत्तीकडं झुकलेले मोठे विदेशी खेळाडू असं सगळं तिच्या बाजूला गेलं. आय-लीग चालू राहिली, पण तिच्याकडं बघणारं कुणी उरलं नाही. २०१५ मध्ये पुणे एफसीच्या मालकांनी हात आखडता घेतला आणि क्लब लीगमधून बाहेर पडला. कल्याणी समूहाचा भारत एफसी तर २०१४ च्या शेवटी स्थापन झाला, एक हंगाम खेळला, तळाला राहिला आणि संपला. पुण्याचाच १९८७ चा जुना शिवाजियन्स क्लब डीएसके समूहानं २०१३ मध्ये घेतला. डीएसके शिवाजियन्स या नावानं तो आय-लीगमध्ये दोन हंगाम खेळला आणि २०१७ मध्ये बाहेर पडला. चौथा माझा, एफसी पुणे सिटी. २०१७-१८ ला सेमीफायनलपर्यंत गेला, बंगळुरूकडून हरला, तिथं सुनील छेत्रीनं हॅटट्रिक मारली. पुढच्या वर्षी शटर डाऊन.

२०१५ ते २०१९. चार वर्षांत चार क्लब. आणि हे फक्त पुण्याचं नाही. १९६२ पासून चालत आलेला, २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकलेला मुंबईचा महिंद्रा युनायटेडही २०१० मध्ये कंपनीनं बंद केला होता.

माझ्या क्लबच्या जागेचं पुढं काय झालं, तेही ऐका. हैदराबाद एफसीनं २०२२ मध्ये गोव्यात केरला ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून आयएसएल जिंकली. त्या संघात अनिकेत जाधव होता. अनिकेत मूळचा कोल्हापूरचा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला, २०१७ च्या सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळलेला. म्हणजे खेळाडू कोल्हापूरचा, जागा पुण्याची आणि मिरवणूक हैदराबादची. पुढं हैदराबादचेही पैसे संपले आणि २०२५ मध्ये तो क्लब दिल्लीला जाऊन नव्या नावानं उभा राहिला. पुणे, हैदराबाद, दिल्ली. माझ्या कंपनीतल्या निम्म्या लोकांच्या बदल्या याच क्रमानं झाल्यात.

सूत कुणाचं?

हे सगळं मला नवीन का वाटलं नाही, ते कबनूरमुळं. आमचं गाव इचलकरंजीला इतकं चिकटलेलं आहे की गाव कुठं संपतं आणि शहर कुठं सुरू होतं, ते बाहेरच्याला कळत नाही. दोन्हीकडं यंत्रमागाचा आवाज एकच. माझे वडील खर्चीवाले. इचलकरंजीबाहेरच्यांसाठी सांगतो. माग आपला, शेड आपलं, वीजबिल आपलं, पण सूत व्यापाऱ्याचं. सायझिंगमधून बीम येतं, आपण विणायचं, कापड व्यापाऱ्याला द्यायचं, मजुरी घ्यायची. याला खर्चीवर माग चालवणं म्हणतात.

तेजीत यात काही खुपत नाही. रात्रंदिवस माग चालतात, दिवाळीला घरात नवीन टीव्ही येतो. मंदी आली की बीम यायचं थांबतं. व्यापारी वाईट असतो असं नाही, त्याचाही पैसा कुठंतरी अडकलेला असतो. पण तो थांबला की आपण थांबतो. माग ठणठणीत, कामगार तयार, हातात कसब, तरी शेडमध्ये शांतता. ती शांतता मी लहानपणी ऐकली आहे. आमच्या आठ मागांपैकी चार एका वर्षी भंगाराच्या टेम्पोत गेले. वडील टेम्पोवाल्याला दोर बांधू लागले, तेव्हा मी सातवीत होतो.

पुण्याचे क्लब खर्चीवर चालत होते. सूत एका मालकाचं. त्याचा बांधकामाचा किंवा आणखी कसला धंदा मंदावला, लीगचं गणित बिघडलं, की बीम बंद. आम्ही स्टँडमध्ये हजारोंनी असू, पण आमचा आवाज कुठल्याही हिशेबाच्या वहीत नव्हता. क्लब बंद करताना आम्हाला कुणी विचारलं नाही, आणि विचारावं असं काही आमच्या हातातही नव्हतं. तिकीट घेतलं होतं एवढंच.

लीगही तशीच विणलेली होती. भारतीय फुटबॉल महासंघानं २०१० मध्ये १५ वर्षांसाठी ७०० कोटींना आपले व्यावसायिक हक्क एका कंपनीला दिले आणि त्यातून आयएसएल उभी राहिली. सुरुवातीची कित्येक वर्षं तिच्यात खालून वर यायची सोयच नव्हती. पंजाब एफसी आय-लीग जिंकून वर आला तो थेट २०२३ मध्ये. २०२५ मध्ये तो १५ वर्षांचा करार संपत आला, तेव्हा अख्खा हंगाम लांबणीवर पडला आणि खेळाडू घरी बसले. पुन्हा तीच शेड, तीच शांतता.

तालीम

आता मामाची टीम. कुठली, ते लिहीत नाही. लिहिलं तर अर्धे कोल्हापूरकर इथंच लेख बंद करतील.

कोल्हापूरच्या फुटबॉल टीमांची नावं बघा. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. तालीम म्हणजे कुस्तीची. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभं राहिलं, पेठापेठांत तालमी भरल्या. त्या लाल मातीत घुमणारी पोरं पुढं फुटबॉलच्या मागं लागली, पण पाटी बदलली नाही. हौदा तोच, गणपती तोच, वर्गणी तीच, फक्त अंगात जर्सी. तालमींच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ असे संघ आहेत. केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग आणि मग एकामागून एक चषक, सगळं राजर्षी शाहू स्टेडियमवर. दुपारी चारची मॅच असली की पेठेतली दुकानं अडीचला अर्धी मिटतात.

मी पहिली मॅच तिथं बघितली ती आठ-नऊ वर्षांचा असताना. कबनूरहून एस.टी.नं आलो होतो. मामानं मला खांद्यावर घेतलं होतं आणि समोरच्या गॅलरीकडं बघून असल्या शिव्या देत होता की ज्या मला घरी उच्चारायची परवानगी नव्हती. मॅच संपल्यावर ज्याला शिव्या घातल्या, त्याच्याच गाडीवर आम्ही भडंग खाल्लं. तो दुसऱ्या पेठेचा होता.

या टीमांना कुणी मालक नाही. हंगामाचा खर्च वर्गणीतून, पेठेतल्या दुकानदारांकडून, एखाद्या नगरसेवकाकडून येतो. एकानं हात आखडला तर दुसऱ्याच्या दारात जातात. म्हणून पुण्यातले चार क्लब येऊन गेले तरी या तालमी चालूच आहेत.

पण फक्त कौतुक केलं तर खोटं होईल. दोन तालमींच्या मॅचला दगड आणि बाटल्या पडल्या आहेत, मॅचेस अर्ध्यावर थांबल्या आहेत. चषक जिंकायच्या ईर्ष्येत बाहेरचे, अगदी आफ्रिकेतले खेळाडू पैसे देऊन आणले जातात आणि पेठेतलं पोरगं बेंचवर बसतं. पोरींना तर या तालमींत जागाच नव्हती. एफसी कोल्हापूर सिटी हा महिलांचा संघ २०१८-१९ च्या इंडियन वुमन्स लीगमध्ये देशपातळीवर खेळला, तो तालमींच्या या रचनेबाहेर उभा राहूनच. आणि सगळ्यात मोठं म्हणजे या लीगमधून वर जायला जिना नाही. हजारो लोकांसमोर गोल मारणाऱ्या पोराला फुटबॉलवर पोट भरायचं असेल तर कोल्हापूर सोडावं लागतं.

माझ्या मामेभावानं सोडलं होतं. पुण्यातल्या एका क्लबच्या वयोगटाच्या संघात त्याची निवड झाली. पेठेत पेढे वाटले गेले. दोन वर्षांत तो क्लब बंद पडला. एका फोनवर त्याला सांगितलं गेलं की कोल्हापूरला परत जा, काही झालं तर कळवू. कुणी कळवलं नाही. आता तो शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत आहे. पहिली पाळी संपवून येतो आणि चारच्या मॅचला तालमीकडून खेळतो. तालमीनं त्याला परत घेताना एक शब्द विचारला नव्हता.

लिमातला एक क्लब

मध्यंतरी रात्री फोनवर चाळता चाळता पेरूमधल्या अलियान्झा लिमा या क्लबची गोष्ट वाचली. १९०१ मध्ये लिमा शहरातल्या कामकरी वस्तीतल्या पोरांनी काढलेला क्लब. पुढं तो ला व्हिक्टोरिया या वस्तीचा होऊन गेला. ८ डिसेंबर १९८७ ला संघ पुकाल्पाहून मॅच जिंकून परतत होता. तेव्हा ते लीगमध्ये पहिल्या नंबरवर होते. नौदलाचं विमान लिमाजवळ समुद्रात कोसळलं. ४३ माणसं गेली. वाचला तो फक्त वैमानिक.

क्लब बंद झाला नाही. चिलीच्या कोलो-कोलोनं आपले चार खेळाडू उसने दिले. तेओफिलो कुबियास, पेरूचा सगळ्यात मोठा खेळाडू, निवृत्ती सोडून मैदानात परतला. त्या वर्षी विजेतेपद हुकलं, पुढची नऊ वर्षंही हुकत राहिलं. १९९७ मध्ये अखेर ते पुन्हा चॅम्पियन झाले. मधल्या काळात वस्तीनं टीम बदलली नाही.

मी अंधारात बराच वेळ पडून होतो. तिथं अख्खी टीम गेली आणि क्लब राहिला. पुण्यात सगळे खेळाडू धडधाकट होते आणि क्लब गेले.

आणि अलियान्झा लिमा हौशी क्लब नाही. तो पगार देतो, खेळाडू विकतो, खंडातल्या स्पर्धा खेळतो. म्हणजे वस्तीचा असणं आणि व्यावसायिक असणं यात भांडण असलंच पाहिजे असं नाही. जर्मनीत १९९८ पासून नियम आहे की क्लबमध्ये गुंतवणूकदार येऊ देत, पण मतांमध्ये निम्म्याहून एक जास्त हिस्सा सभासदांच्या संस्थेकडं राहिला पाहिजे. आपल्या भाषेत सांगायचं तर व्यापारी सूत देऊ दे, पण शेडची चावी मंडळाकडं.

कोल्हापुरात हे का होऊ नये? प्रेक्षक आहेत, मैदान आहे, पोरं आहेत. अडचणही मला दिसते. त्यासाठी वेगवेगळ्या तालमींना एका जर्सीत यावं लागेल. ते सोपं नाही. मामाला मी हे बोललो तेव्हा तो म्हणाला, "त्यांच्यासंगट? खुळा हाईस काय?" मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाला, "पण पोरगं परत आलं नसतं, हे खरं."

गेल्या डिसेंबरात सुट्टी काढून मॅचला गेलो. मामेभाऊ दुसऱ्या हाफमध्ये उतरला. कामाच्या हातांवर फाउंड्रीची काळी रेघ तशीच होती. गेटपाशी तालमीचा एक काका पावतीपुस्तक घेऊन उभा होता. मी वर्गणी दिली, फोनवरून. त्यानं नाव विचारलं, गाव विचारलं. कबनूर म्हटल्यावर चष्म्यावरून बघितलं.

"पेठेतला न्हाईस मग."

"मामा आहे."

"मग हाईस," म्हणाला आणि पावती फाडली. "आता सेक्रेटरीला शिव्या घालायच्या असतील तर घाल. आत बसलाय."