वर्गणी आणि पट्टी : सुरतेतील सार्वजनिक शाळांच्या पैशाचा इतिहास

प्रस्तावना

शाळा सरकारी किंवा नगरपालिकेची असली की तिच्यातील प्रत्येक मुलाच्या वाट्याला सारखाच पैसा येतो, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. सार्वजनिक शाळेकडे पैसा दोन वाटांनी येतो. एक वाट करांची. मराठीत तिला ‘पट्टी’ असा जुना शब्द आहे. पट्टी नियमाने सर्वांकडून वसूल होते आणि तिचा खर्च कुठे करायचा हे सार्वजनिक संस्था ठरवते. दुसरी वाट ‘वर्गणी’ची. वर्गणी देणारा आपल्या ऐपतीप्रमाणे देतो आणि आपल्या पसंतीच्या शाळेला देतो. पालकांनी जमवलेला निधी, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या, व्यापाऱ्यांचा दानधर्म, गुजरातेत ज्याला ‘लोकफाळो’ म्हणतात ते लोकांचे योगदान, हे सारे या दुसऱ्या वाटेत मोडते.

वर्गणी देणाऱ्याचा हेतू बहुधा चांगलाच असतो. प्रश्न हेतूचा नाही, परिणामाचा आहे. ज्या वस्तीत पैसा आहे तेथील शाळा वर्गणीने पुढे जाते आणि जिथे तो नाही तेथील शाळा मागे राहते. शासन जेव्हा आपले अनुदान वर्गणीशी जोडते, तेव्हा ही विषमता सरकारी खर्चाने वाढते. व्यापारी पेठ, दानशूर जमाती आणि मोठा स्थलांतरित कामगारवर्ग या तिन्ही गोष्टी एकत्र असलेल्या सुरत शहराच्या इतिहासात हा प्रश्न पुन्हापुन्हा उभा राहिलेला दिसतो.

अर्धे गावाचे, अर्धे सरकारचे

ब्रिटिशपूर्व सुरतेत शिक्षणाचा खर्च जमातींच्या दानावर चाले. मकतब आणि मदरसे वक्फ, जकात व व्यापाऱ्यांच्या देणग्यांवर उभे होते. दाऊदी बोहरा समाजाचा दर्स-ए-सैफी हा विद्यापीठवजा मदरसा १८१४ मध्ये सुरतेतच स्थापन झाला. या व्यवस्थेत जमात श्रीमंत असेल तर शाळा भक्कम आणि जमात गरीब असेल तर शाळा दुबळी, हे ओघानेच आले. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारणही नव्हते, कारण शिक्षण ही राज्यसंस्थेची जबाबदारी आहे असा दावा कोणी केलेला नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हा दावा पुढे आला, पण अर्ध्यावर थांबला. मुंबई इलाख्यात १८५० नंतरच्या दशकात ‘अंशतः स्वावलंबी’ शाळांची पद्धत आली. शिक्षकाचा निम्मा पगार, शाळेची जागा आणि किरकोळ खर्च गावाने उचलायचा आणि उरलेला भार सरकारने सोसायचा, असा तिचा सर्वसाधारण आराखडा होता. ज्या गावात निम्मा पगार जमला तिथे शाळा आली. जिथे तो जमला नाही तिथे सरकारचा निम्मा वाटाही आला नाही. सरकारी पैशाचे वाटप गरजेप्रमाणे न होता गावाच्या ऐपतीप्रमाणे होऊ लागले.

१८५४ च्या वुडच्या खलित्याने अनुदानपद्धतीचा पुरस्कार केला होता. पाचच वर्षांनी, १८५९ मध्ये, भारतमंत्री स्टॅन्ले यांच्या खलित्याने ही पद्धत देशी भाषांतील प्राथमिक शाळांना लागू पडत नसल्याचे मान्य केले. वर्गण्या गोळा करत फिरण्याने शिक्षणखात्याच्या अधिकाऱ्यांची आणि सरकारची प्रतिष्ठा कमी होते, हा त्यातील एक आक्षेप होता. त्यावर सुचवलेला उपाय होता जमिनीवरील पट्टीचा.

पट्टीची वाट

मुंबई इलाख्यात १८६३ नंतर जमीन महसुलाच्या दर रुपयामागे एक आण्याची लोकल फंडाची पट्टी बसवण्यात आली. तिच्यातील एक तृतीयांश रक्कम शिक्षणासाठी राखली गेली. १८६९ च्या कायद्याने तिला कायदेशीर आधार मिळाला. वर्गणी न देऊ शकणाऱ्या गावालाही शाळा मिळण्याची शक्यता प्रथमच निर्माण झाली.

तथापि पट्टीची वाटणी न्याय्य असेलच असे नाही. शेतकऱ्याच्या श्रमातून आलेला महसूल वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, ही तक्रार महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात स्पष्टपणे मांडली. याच सुमारास खाजगी शाळांना परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची पद्धत इलाख्यात रूढ होती. जिथे मुले आधीच तयार होती तिथे उत्तीर्णांची संख्या जास्त आणि म्हणून अनुदानही जास्त. ऐपतीला बक्षीस देण्याचाच हा दुसरा प्रकार होता. १८८४ च्या कायद्याने नगरपालिकांवर प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी टाकली आणि १८५२ मध्ये स्थापन झालेल्या सुरत नगरपालिकेच्या खर्चात शाळा हे कायमचे कलम झाले.

सुरतेपासून काही कोसांवर असलेल्या नवसारी प्रांतात वेगळा प्रयोग चालू होता. हा प्रांत बडोदे संस्थानात होता. सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये सबंध संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. खर्च संस्थानच्या खजिन्यातून होत असे. आधी वर्गणी जमवा, मग शाळा देऊ, ही अट तेथे नव्हती. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्यासमोर होता.

मुस्लिम शिक्षण : जमातीचा निधी की सार्वजनिक निधी?

हंटर आयोगाच्या शिफारशींपैकी एक या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. मुस्लिमांच्या शिक्षणाला द्यावयाचे विशेष उत्तेजन हा स्थानिक, नगरपालिकेच्या व प्रांतिक निधीवरील रास्त खर्च समजावा, असे आयोगाने म्हटले. याचा अर्थ, या मुलांचे शिक्षण ही केवळ त्यांच्या जमातीची दानधर्माची बाब नसून पट्टीच्या पैशावर त्यांचाही हक्क आहे, हे तत्त्व अधिकृतपणे मांडले गेले.

व्यवहारात मात्र जमातीच्या दानावरील भिस्त सुटली नाही. तापीच्या पलीकडील रांदेर हे त्याचे ठळक उदाहरण होय. तेथील सुन्नी वोहरा व्यापाऱ्यांच्या पेढ्या रंगून आणि मॉरिशसपर्यंत पसरल्या होत्या. रंगूनमधील ‘सुरती’ जामा मशीद त्यांची आठवण आजही सांगते. या व्यापाराच्या बळावर रांदेरमध्ये मशिदी व मदरसे उभे राहिले. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश व्यापला आणि १९६० च्या दशकात तेथील व्यापाराचे राष्ट्रीयीकरण झाले. पेढ्या गेल्या, तेव्हा त्यांवर विसंबलेल्या दानधर्मालाही झळ बसणे अटळ होते. दात्याचा बाजार बसला की वर्गणी आटते. पट्टीलाही मंदीची झळ लागते, पण तिचा भार सबंध शहरावर विभागलेला असतो.

१९२१ चा प्रयोग

असहकाराच्या काळात सुरतेने याच प्रश्नाला फार मोठ्या प्रमाणावर तोंड दिले. १९२१ मध्ये असहकारवादी बहुमत असलेल्या नगरपालिकेने शिक्षणासाठीचे सरकारी अनुदान आणि त्याबरोबर येणारे शाळातपासनिसांचे नियंत्रण नाकारले. अहमदाबाद व नडियाद या नगरपालिकांनीही हाच मार्ग धरला. पुढे शहरातील पालिका शाळा राष्ट्रीय शिक्षणाच्या कार्यकर्त्यांच्या मंडळाकडे सोपवण्यात आल्या. १९२२ मध्ये सरकारने नगरपालिका बरखास्त केली.

राजकीय दृष्ट्या हे पाऊल तेजस्वी होते. आर्थिक दृष्ट्या त्याचा अर्थ असा, की पालिकेचा आधार सुटताच राष्ट्रीय शाळा पूर्णपणे देणग्यांवर आल्या. चळवळीचा जोर होता तोवर देणग्या आल्या. तो ओसरल्यावर पैसाही ओसरला आणि विद्यार्थीही पालिकेच्या शाळांकडे परतू लागले.

याच चळवळीतून १९२० मध्ये अलीगढ येथे जन्मलेल्या जामिया मिल्लिया इस्लामियाची कथा समांतर आहे. १९२४ मध्ये खिलाफतच संपुष्टात आली आणि खिलाफत निधीतून येणारा आधार तुटला. १९२५ मध्ये जामिया दिल्लीला हलवण्यात आली. १९२८ मध्ये डॉ. झाकिर हुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस वर्षे दीडशे रुपयांहून अधिक वेतन न घेण्याची शपथ घेतली, म्हणून ती संस्था तगली. म्हणजे वर्गणीत पडलेली तूट शिक्षकांनी स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन भरली. असा त्याग वंदनीय आहे, पण त्याच्या भरवशावर शहरातील शेकडो शाळा चालू शकत नाहीत.

स्वातंत्र्यानंतर : एक समिती, सात माध्यमे

१९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने जी चौकट घालून दिली, तीच १९६० मध्ये गुजरात राज्य झाल्यावर पुढे चालू राहिली. या चौकटीत सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती काम करते. गुजराती, मराठी, उर्दू, हिंदी, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून समितीच्या शाळा चालतात. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ४४ लाखांवर गेली होती आणि तीत बाहेरून आलेल्यांचा वाटा मोठा होता. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून यंत्रमाग व कापड प्रक्रियेच्या कामासाठी आलेली कुटुंबे राहतात. त्यांत खानदेशातील मुस्लिम कुटुंबेही आहेत. त्यांची मुले मराठी, उर्दू, हिंदी किंवा गुजराती शाळेत जातात. मागावरचे काम मुख्यतः बारा तासांच्या पाळीचे आणि उक्त्या मजुरीचे. शाळेच्या बैठकीला जायचे तर पाळी बुडते, मग वर्गणी कुठून द्यायची?

कागदोपत्री सर्व शाळा सारख्याच. शिक्षकांचे वेतन, पाठ्यपुस्तके व माध्यान्ह भोजन सार्वजनिक निधीतून येते आणि ही समानता लहान नाही. फरक पडतो तो त्यापलीकडच्या गोष्टींत : पंखे, पाण्याची टाकी, संगणक, वाचनालय, जादा शिक्षक, सहल. यासाठी शाळेच्या हाती असते ते मुख्यतः वार्षिक शाळा अनुदान. समग्र शिक्षा योजनेच्या २०१८ च्या निकषांनुसार २५० हून अधिक व १००० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला ७५,००० रुपये मिळू शकतात. ३०० मुलांच्या शाळेत हे दर मुलामागे २५० रुपये झाले. समजा, अशाच एका शाळेतील पालकांनी महिन्याला प्रत्येकी १०० रुपये दिले, तर वर्षाला ३,६०,००० रुपये जमतात. ही रक्कम सरकारी अनुदानाच्या जवळजवळ पाचपट होते. शेजारच्या वस्तीतील पालकांना ते जमले नाही, तर एकाच समितीच्या दोन शाळा नावालाच सारख्या उरतात.

शिक्षण हक्क कायद्याने (२००९) प्रवेशासाठी देणगी घेण्यास मनाई केली आणि शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असे ठरवले. सरकारकडून वा अन्य मार्गाने आलेल्या निधीच्या वापरावर देखरेख ठेवणे हे या समितीचे काम आहे. मात्र स्वेच्छेने आलेला निधी शाळाशाळांत कसा वाटला जावा, याविषयी कायदा गप्प आहे.

वतन आणि वस्ती

सुरतेत दात्यांची वाण नाही. हिऱ्याच्या उद्योगात पुढे आलेले अनेक व्यापारी सौराष्ट्रातील भावनगर, अमरेली या जिल्ह्यांचे. आपल्या मूळ गावी शाळा, तळी व सभागृहे बांधण्याची त्यांची परंपरा सर्वश्रुत आहे. यात वावगे काहीच नाही. पण वर्गणीचा स्वभाव यातून कळतो. ती देणाऱ्याच्या आठवणींमागे जाते. ज्या शहरात पैसा मिळवला त्या शहरातील यंत्रमाग कामगाराच्या मुलाची शाळा त्या आठवणींत नसते.

२०२१ मध्ये गुजरात शासनाने ‘वतन प्रेम योजना’ आणली. गावातील सार्वजनिक कामासाठी दात्याने ६० टक्के द्यावेत आणि शासन ४० टक्के घालील, असे तिचे सूत्र होते. या कामांत शाळांचे वर्गही होते. १८५० नंतरच्या निम्म्या-निम्म्या वाट्याशी हे सूत्र ताडून पाहावे. ज्या गावातून कोणी श्रीमंत होऊन बाहेर गेला, त्या गावाला सरकारचा वाटा मिळतो. ज्या गावातून फक्त मजूर बाहेर गेले, त्याला तो मिळत नाही. १८९३ मध्ये ज्या अमरेलीत दात्याची वाट न पाहता शाळा सुरू झाल्या, त्याच जिल्ह्याला हे सूत्र लागू व्हावे, हा इतिहासातील विपर्यास म्हटला पाहिजे. महाराष्ट्रातही २०२३ मध्ये सरकारी शाळा देणगीदारांनी दत्तक घेण्याची योजना जाहीर झाली. तिथेही दाता कोणती शाळा निवडतो हा प्रश्न उरतोच.

देणगीच्या अस्थिरतेचा अनुभवही सुरतेला आहे. २००८ च्या जागतिक मंदीत हजारो रत्नकलाकारांचे काम गेले. त्या वेळी पालकही अडचणीत होते आणि दातेही.

इतरत्र शोधलेले उपाय

हा प्रश्न श्रीमंत देशांतही आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९७१ च्या सेरानो खटल्यात, स्थानिक मालमत्तेच्या किमतीवर शाळेचा पैसा अवलंबून ठेवणे अन्यायाचे आहे, असे न्यायालयाने मानले. १९७८ मध्ये मालमत्ता करावर मर्यादा आली. त्यानंतर सुखवस्तू वस्त्यांतील पालकांनी निधीसंस्था काढून आपापल्या शाळांना पैसा पुरवणे वाढवले. ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहराने वेगळा नियम केला. पालकांनी जमवलेल्या रकमेतील पहिले १०,००० डॉलर त्या शाळेचे आणि त्यावरील रकमेचा एक तृतीयांश हिस्सा सामाईक निधीत. हा निधी गरीब वस्तीतील शाळांना जाई. दोन तृतीयांश रक्कम तरीही श्रीमंत शाळेकडेच राहत असल्याने वाद चालू राहिला. अखेर २०२४ मध्ये एकेका शाळेने स्वतंत्र निधीतून जादा शिक्षक नेमण्याची पद्धत बंद करण्याचा निर्णय तेथील शिक्षण मंडळाने घेतला.

समारोप

सुरतेच्या दोनशे वर्षांच्या अनुभवातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, वर्गणीने शाळा सुरू होते, पण दात्याचा बाजार किंवा चळवळीचा जोर ओसरला की ती लंगडी पडते. दुसरी, शासनाने आपला वाटा वर्गणीशी जोडला की सार्वजनिक पैसाही ऐपतीमागे जातो. तिसरी, जमातीचे दान हे सार्वजनिक निधीवरील हक्काला पर्याय ठरू शकत नाही. हंटर आयोगाने मान्य केलेला तो हक्क आजही दानाच्या कौतुकात झाकला जातो.

याचा अर्थ दान थांबवावे असा नव्हे. जकातीच्या शिकवणीत दात्याच्या आवडीपेक्षा घेणाऱ्याच्या हक्काला स्थान आहे आणि पैसा कोणाकडे जावा याचे नियम आहेत. तेच तत्त्व शाळांच्या वर्गणीला लावता येईल. शहरातील देणग्यांचा ठरावीक हिस्सा सामाईक निधीत जावा, त्याचे वाटप गरज पाहून व्हावे, आणि कोणत्या शाळेला कोठून किती मिळाले हे दरवर्षी जाहीर व्हावे. शिक्षणसंस्थांना व महाविद्यालयीन अध्यापकांना येथे एक नेमके काम आहे. आपल्या शहरातील पालिका शाळांच्या दोन्ही वाटांचा हिशेब शाळावार गोळा करून समोर मांडणे, हे ते काम. लिंबायतच्या मुलाला किती कमी मिळते हे आकड्यांत दिसल्याशिवाय, त्याच्या वाट्याची पट्टी मागणार तरी कशाच्या आधारावर?