सोयाबीन बियाणे उन्हात वाळवताना : थराची जाडी आणि दाण्याचे तापमान

कारंजा (घाडगे) परिसरात सोयाबीनची मळणी झाली की अंगणात, गच्चीवर ताडपत्र्या पसरल्या जातात. विकायचा माल कसाही वाळला तरी चालून जाते. पुढच्या खरिपासाठी घरचे बियाणे ठेवायचे असेल, तर उगवण याच दिवसांत टिकते किंवा जाते.

मळणीच्या वेळी 14 टक्के ओलावा असलेले एक क्विंटल सोयाबीन 10 टक्क्यांवर आणायचे, तर साधारण साडेचार किलो पाणी बाहेर काढावे लागते. त्याला लागणारी उष्णता सुमारे तीन युनिट विजेइतकी. ऑक्टोबरच्या उन्हात एवढी उष्णता सहज मिळते. अडचण असते ती उष्णता खालच्या दाण्यापर्यंत पोहोचण्याची.

ऊन थेट मिळते फक्त वरच्या एक-दोन दाण्यांच्या थराला. सोयाबीन उष्णतेचे चांगले वाहक नाही आणि दाण्यांमधली अडकलेली हवा तर त्याहून वाईट. त्यामुळे थर जाड असला की वरचे दाणे भाजतात, खालचे ओलेच राहतात. सूर्यऊर्जेच्या मोठ्या मनोऱ्यांतही हाच प्रश्न येतो. अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेत वाळूसारखे सिरॅमिक कण आरशांनी एकवटलेल्या उन्हातून पडद्यासारखे खाली सोडून 700 अंशांच्या वर तापवण्यावर काम चालते. तिथेही पडदा दाट झाला की पुढचे कण मागच्यांवर सावली धरतात. त्यांना कण जितके तापतील तितके हवे असतात. आपल्याला मात्र बियाण्याचे तापमान 40 अंशांच्या आसपासच ठेवायचे आहे. 43 च्या वर गेले की अंकुराला धोका.

म्हणून थर 2 ते 3 सेंटिमीटरच ठेवा. एका क्विंटलला त्यासाठी सुमारे 50 चौरस फूट जागा लागते. थरात बोटाने सऱ्या ओढा, म्हणजे वारा दाण्यांमधून जाऊन ओलसर हवा बाहेर पडते. दर अर्ध्या-पाऊण तासाने लाकडी फावड्याने हलक्या हाताने परता. पायाने तुडवू नका, सोयाबीनचे टरफल पातळ असते. काळी ताडपत्री आणि तापलेला सिमेंटचा ओटा टाळा. भर दुपारी पातळ कापड किंवा सावली करा. साधा तापमापक थरात खुपसून बघणे अंदाजापेक्षा केव्हाही बरे.

संध्याकाळी दव पडण्याआधी ढीग करून झाका. गरम दाणे लगेच पोत्यात भरू नका. पोत्यात ते थंड होताना ओल सुटते आणि बुरशी लागते. ओलावा 10 ते 12 टक्क्यांवर आल्याची खात्री व्यापाऱ्याकडच्या ओलावा मापकावर करून घ्या. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर आणि कमी थरांत रचा.

पेरणीआधी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि आठवडाभराने मोजा. 70 किंवा त्याहून जास्त निरोगी कोंब आले, तर ते बियाणे पेरण्यायोग्य.