दम लागतो, त्यालाच चालवा

धाप लागली की खाली बसावं, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. गंमत म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डॉक्टरही तेच सांगत. एम्फिसिमा किंवा जुनाट ब्राँकायटिस (आता दोन्ही सीओपीडी या फुफ्फुसाच्या जुनाट विकारात मोडतात) झालेल्याने जिने टाळायचे, ओझं उचलायचं नाही, दम लागेल असं काही करायचं नाही. आज त्याच रोग्याला ट्रेडमिलवर चढवून दम लागेपर्यंत चालवतात. या उपचाराचं नाव श्वसन पुनर्वसन. दवाखान्यात सगळे पल्मनरी रिहॅबच म्हणतात.

त्याचं मूळ क्षयाच्या सॅनेटोरियमांत आहे. सिलेशियात गोर्बर्सडॉर्फला हर्मान ब्रेमर १८५० च्या दशकात क्षयरोग्यांना डोंगरवाटेवर चालायला लावी. त्याच्याच हाताखाली बरा झालेला पेटर डेटवायलर मात्र उलट निघाला. १८७६ मध्ये फाल्केनस्टाइनला स्वतःचं सॅनेटोरियम काढून त्याने रोग्यांना व्हरांड्यातल्या लांब खुर्च्यांवर निजवलं, आणि पुढे युरोपभर तीच रीत चालली. अमेरिकेत डेन्व्हरच्या चार्ल्स डेनिसनने १८९५ मध्ये फुफ्फुसाच्या रोग्यांसाठी व्यायाम आणि आहारावर पुस्तक लिहिलं, पण प्रवाह फिरला नाही.

इंग्लंडमधला मार्कस पॅटर्सन खरा हट्टी. १९०५ मध्ये सुरू झालेल्या फ्रिमली सॅनेटोरियममध्ये त्याने पायऱ्यापायऱ्यांनी कष्ट वाढवत नेले: आधी नुसतं चालणं, मग मातीच्या टोपल्या वाहणं, मग फावडं आणि शेवटी कुदळ. ताप चढला की पुन्हा अंथरूण. त्याचा सिद्धांत असा की श्रमाने रोगाच्या जागेतलं विष थोडंथोडं रक्तात उतरतं आणि लसीसारखं काम करतं. हा सिद्धांत टिकला नाही. पण कष्ट औषधासारखे मोजून द्यायचे आणि रोग्याकडे बघून वाढवायचे, ही त्याची रीत मला सिद्धांतापेक्षा मोठी वाटते.

सीओपीडीपर्यंत ही गोष्ट यायला अर्धं शतक गेलं. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्व्हन बाराकने नोंदवलं की ऑक्सिजन लावून हळूहळू चाल वाढवली, तर काही एम्फिसिमाचे रोगी पुढे ऑक्सिजनशिवायही जास्त चालू लागतात, जणू खेळाडूची तालीम झाल्यासारखे. साठच्या दशकात डेन्व्हरमध्येच थॉमस पेटी यांनी सोबत नेता येणारा द्रवरूप ऑक्सिजन, चालणं, श्वासाचे व्यायाम आणि रोग्याचं शिक्षण एकत्र बांधलं. १९६९ मध्ये त्याचा अहवाल छापला.

तरीही वैद्यकजग साशंक होतं, आणि त्याला कारण होतं. फुफ्फुसाची क्षमता मोजणाऱ्या स्पायरोमीटरमध्ये फुंकायला लावलं की आकडा होता तिथेच. फुफ्फुस तसूभर सुधारत नसेल, तर सुधारलं काय? नुसता धीर?

मोजमाप चुकीच्या जागी चाललं होतं; मोजायची होती चाल. १९६८ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या केनेथ कूपरने तंदुरुस्तीसाठी बारा मिनिटांची धाव सुचवली होती. १९७६ मध्ये मॅकगाव्हिन आणि सहकाऱ्यांनी ती जुनाट ब्राँकायटिसच्या रोग्यांसाठी बारा मिनिटांच्या चालीत बदलली. १९८२ मध्ये तिची सहा मिनिटांवर बोळवण झाली, आणि आज जगभर तीच चालते: तीस मीटरचा सरळ कॉरिडॉर, दोन्ही टोकांना शंकू, बोटाला ऑक्सिमीटर. रोगी थांबला, भिंतीला टेकला तरी चालतं. घड्याळ मात्र थांबवायचं नाही.

का सुधारतं, हे १९९१ मध्ये रिचर्ड कासाबुरी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. दम लागतो म्हणून माणूस बसतो, बसून मांड्यांचे स्नायू दुबळे होतात. दुबळ्या स्नायूत थोड्याशा कामानेही लॅक्टिक आम्ल साचतं, कार्बन डायऑक्साइड वाढतो, आणि तो बाहेर टाकायचं ओझं पुन्हा त्याच आजारी फुफ्फुसावर पडतं. कासाबुरींच्या दोन गटांनी एकूण काम सारखंच केलं, पण जोरकस व्यायाम करणाऱ्यांचं लॅक्टिक आम्ल आणि श्वासाची गरज जास्त घटली. फुफ्फुस तेच राहिलं, त्याच्याकडची पायांची मागणी कमी झाली.

वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेनच्या २०१५ च्या आढाव्यात ६५ चाचण्या आणि ३,८२२ रोगी होते. फायदा इतका स्पष्ट दिसला की त्यानंतर कॉक्रेनच्या संपादकांनी सांगून टाकलं, पुनर्वसन विरुद्ध नेहमीचे उपचार अशा तुलनेच्या आणखी चाचण्यांची गरज नाही. भारतात मात्र, जिथे चुलीच्या धुरानेही बायकांना हा आजार जडतो, अशी केंद्रं मोजकी आणि बहुतेक शहरांत आहेत. जिथे ती आहेत, तिथेही कोर्स सहसा सहा ते बारा आठवड्यांचा असतो, आणि व्यायाम सोडला की मिळवलेला फायदा हळूहळू ओसरतो.